मामा तलावातली मासळी : प्रकल्प नोंदी, जून २०२३ ते जुलै २०२४

८ जून २०२३

काम सुरू करायला हीच वेळ बरी. तलाव वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीवर आहे आणि एरवी पाण्याखाली झाकलेलं सगळं उघडं पडलंय. तुडुमाजवळचा (पाणी सोडायच्या दाराजवळचा) डोह सोडला तर कुठेच कमरेपर्यंतही पाणी नाही. पूर्वेच्या उथळ अंगाला बेशरमाचं, म्हणजे एका विषारी झुडपाचं, रान माजलंय. सुकलेल्या गाळाला पडलेल्या भेगांत हाताचा पंजा सहज जातो.

तलाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. माजी मालगुजारी (म्हणूनच ‘मामा’), म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाच्या जाणत्यांनी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी धानासाठी ते बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव आता जिल्हा परिषदेकडे असतात, हाही त्यातलाच. पाण्यावर निस्तार हक्क (वापराचा परंपरागत हक्क) गावाचा, मासेमारीचा ठेका ढिवरांच्या, म्हणजे मासेमार समाजाच्या, सहकारी सोसायटीचा.

सोसायटीचा प्रश्न सरळ आहे. दरवर्षी मत्स्यबीज विकत आणून टाकतो, मग मासळी का घटते? वर्षभर तलाव नीट बघून याचं उत्तर शोधायचं आहे. माझा अंदाज आजच लिहून ठेवते: घोटाळा बिजात कमी आणि उन्हाळ्यातल्या या उघड्या तळात जास्त आहे.

१५ जून

म्हाताऱ्या मंडळींना बसवून तलावातल्या माशांची नावं लिहून घेतली. कटला, रोहू, मृगळ ही सोसायटीने सोडलेली. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) हेही सोडलेलेच. तिलापिया कुणी टाकली ते कुणालाच सांगता येईना. आणि मग ज्यांना कुणी कधी टाकलं नाही ते: मरळ, वाघूर, शिंगी, वाम, खवल्या, चांदीसारख्या बारक्या मासोळ्यांच्या कितीतरी जाती, झिंगे. ही यादी सांगताना आवाज चढत होते. एकाने नाव घेतलं की दुसरा ती मासोळी कुठे बसायची ते सांगायचा.

सोसायटीचे जुने अध्यक्ष (सगळे त्यांना काकाच म्हणतात) शेवटी म्हणाले, "पानगवत होता तवा मरळ होती, बाई. गवत गेला, मरळबी गेली."

बायकांची यादी वेगळी निघाली. पुरुष जाळ्यात येतं ते सांगतात, बायका काठाच्या गवतात हाताने, टोपलीने धरतात ते सांगतात. झिंगे आणि बारीक मासोळी सुकवून पावसाळाभर पुरवायची, हा हिशेब सोसायटीच्या वहीत कुठेच नाही. रोजच्या जेवणातला मासा मात्र हाच आहे. यापुढे बायकांची पकड स्वतंत्र नोंदवायची असं ठरवलं.

२७ जून

पाऊस उशिरा आला, पण आला. नाल्यांना लाल पाणी सुटलं आणि मासे चढणीला लागले. अंडी भरलेल्या मासोळ्या प्रवाहाच्या उलट बांध्यांकडे (धानाच्या खाचरांकडे) जातात आणि नेमक्या तिथेच, नाल्याच्या तोंडाशी, बांबूचे सापळे लागतात. चढणीच्या माशाला चव असते, मिळतोही फुकट. पण अंड्यांसकट धरलेली एक मादी म्हणजे पुढच्या हंगामातली टोपलीभर मासोळी.

सोसायटीने ठराव केला: पहिल्या पुरापासून पंधरवडाभर नाल्यांच्या तोंडावर सापळा लावायचा नाही. गावातली बाकीची मंडळी कितपत पाळतील याची मला धास्ती आहे. काकांना नाही.

१० जुलै

आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस. १९५७ साली याच तारखेला ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प मासे (कटला, रोहू, मृगळ यांच्या कुळातले) बंदिस्त पाण्यात विणवण्यात यश आलं.

सोसायटीच्या बैठकीत हे मुद्दाम सांगितलं, कारण इथला निम्मा गोंधळ याच्याशी जोडलेला आहे. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे. पुराचं वाहतं पाणी मिळाल्याशिवाय ते वीत नाहीत, साचलेल्या तलावात तर नाहीच. त्यामुळे त्यांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं, आणि ते संपलं की संपलं. मरळ, वाघूर, खवली इथेच वितात. त्यांना पैसे लागत नाहीत, जागा लागते. सोसायटीच्या वहीत खर्च पहिल्या गटावर आहे आणि दुसऱ्याच्या जागेची काळजी कुणाकडेच सोपवलेली नाही.

४ ऑगस्ट

बीज आलं. प्लास्टिकच्या ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, टेम्पोत रात्रभर. पिशव्या आधी अर्धा तास तलावात तरंगत ठेवल्या, मग तोंड सोडून तलावाचं पाणी ओंजळी-ओंजळीने आत घेतलं, आणि पिल्लं आपण होऊन बाहेर पडू दिली. घाईने ओतलं की पाण्याच्या तापमानातल्या फरकाने पिल्लू गारठतं, दोन दिवसांनी तळाशी मरतं, आणि वरून कुणाला दिसतही नाही.

वाटीने मोजून, पट्टीवर ठेवून बघितलं. बोटुकली म्हणून पैसे घेतलेत, पण बरीचशी पिल्लं दीड इंचाच्या आतली. पुरवठादाराला लेखी कळवलं. एवढं लहान पिल्लू मोठ्या तलावात सोडणं म्हणजे मरळीला, पाणकावळ्याला, बगळ्याला जेवण घालणं. तीन-चार इंचांची बोटुकली महाग पडते, पण थोडी टाकली तरी पुरते. निम्मं बीज पाळीखालच्या (तलावाच्या बांधाखालच्या) लहान बोडीत (तळ्यात) वाढवायला ठेवलं.

बीज आणणाऱ्याने "थाई मांगूर"ही देऊ केला होता. लवकर वाढतो, काहीही खातो. काकांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. या आफ्रिकी मागुरावर २००० सालापासून केंद्राची बंदी आहे. तो तलावात शिरला तर आमचा वाघूर, शिंगी, काहीच उरणार नाही.

३० ऑगस्ट

पावसाने महिनाभर पाठ फिरवलीय. सगळ्या देशातच हा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरतोय. धान करपायला लागलं आणि तुडुम उघडावं लागलं. यात ढिवर विरुद्ध शेतकरी असा साधा झगडा नाही. सोसायटीतल्या अनेकांचा तुकडाभर धान याच पाण्यावर आहे, आणि पाणी सोडायला हात लावणाऱ्यांत तेही होते.

पाणी उतरलं तसं हिरवं झालं. सेक्ची तबकडी (पाणी किती नितळ ते बघायची चकती) वीतभरही खाली दिसत नाही. पहाटे साडेपाचला डोंग्यातून ऑक्सिजन मोजला: लिटरमागे २.६ मिलिग्रॅम. दुपारी तीनला त्याच जागी ९ च्या वर. पाण्यातलं बारीक शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं, म्हणून पहाटेची वेळ घातकी. ३ च्या खाली गेलं की कार्प मासे वर येऊन तोंडं उघडतात. आज डोहावर ती गोल तोंडं पाण्याच्या कातडीला टेकलेली, शेकड्यांनी. पुचपुच असा आवाज काठापर्यंत येत होता. खत म्हणून तलावात शेण टाकणं बंद केलं. पोरांनी डोंगे फिरवून, वल्ह्यांनी पाणी झोडपून दोन पहाटा काढल्या. मेले ते मुख्यतः कटला.

मरळ एकही मेली नाही. तिला वरची हवा घेता येते, वाघूर-शिंगीलाही. कोरड्या सालाचे मासे हेच, आणि आपल्याकडे कोरडी सालं काही कमी नाहीत.

१७ सप्टेंबर

दोन दिवसांत तलाव भरला. सांडव्यावरून पाणी वाहतंय. सांडव्याला बांबूची ताटी लावलेली आहे, तरी तिच्यात बेशरमाचा पाला अडकून पाणी तुंबू लागलं. अशा वेळी ताटी सोडली तर मासा जातो, धरून ठेवली तर पाळीवर ताण येतो. पोरं आळीपाळीने रात्रभर पाला काढत उभी राहिली.

१२ ऑक्टोबर

नमुन्याची जाळी टाकली: वेगवेगळ्या आसांची (जाळीच्या भोकांच्या मापांची) गळजाळी, रात्रभर, तीन ठिकाणी. एक इंची, दोन इंची, साडेतीन इंची. एकाच आसाचं जाळं टाकून "तलावात एवढेच मासे आहेत" म्हणणं चूक, कारण गळजाळं आपल्या आसाला बसेल तोच मासा धरतं. लहान आरपार जातो, मोठा तोंड घालून मागे फिरतो. आणि मरळ तर जाळ्यावरून उडी मारते किंवा खालून चिखलात शिरते. तिच्यासाठी गळ आणि फेकजाळं.

पकड जाळ्याच्या लांबीने आणि तासांनी भागून नोंदवली, म्हणजे पुढल्या ऑक्टोबरशी तुलना होईल. बारीक आसात तिलापियाच तिलापिया. मोझांबिकची ही मासोळी १९५२ साली भारतात आणली गेली. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं वाचतात आणि गर्दी होते, मग सगळीच बोटभर राहतात. उथळ, उघड्या, गवत नसलेल्या तळाला ती फार मानवते. बायका म्हणाल्या, घरी खायला चालते, बाजारात कुणी विचारत नाही.

५ नोव्हेंबर

रोहूंची संख्या काढायचा प्रयोग. पकडलेल्या रोहूच्या पोटपराचं टोक कातरीने जरासं छाटायचं, सोडून द्यायचं, आठवड्याने पुन्हा पकडायचं. समजा २०० मासे खूण करून सोडले, पुढच्या फेरीत १५० सापडले आणि त्यात १५ खुणेचे निघाले, तर तलावात सुमारे २०० गुणिले १५० भागिले १५, म्हणजे २,००० रोहू. हिशेब पोरांना लगेच पटला. अटी मात्र त्यांनीच शोधल्या: मधल्या काळात कुणी मासे काढायचे नाहीत, सांडवा बंद पाहिजे, आणि खुणेचे मासे एकाच कोपऱ्यात सोडायचे नाहीत.

१४ नोव्हेंबर

दुसरी फेरी झाली. नेमका आकडा कागदावर वेगळा आहे. इथे एवढंच, की गेल्या वर्षी आणि यंदा मिळून टाकलेल्या रोहू बिजाच्या मानाने उरलेला रोहू फारच थोडा आहे, आणि जवळजवळ सगळा एकाच मापाचा. गेल्या सालचा मासा नाहीच म्हटलं तरी चालेल.

खात्रीसाठी मोठ्या रोहूंचे खवले घेतले, पाठीवरच्या पराखालून. भिंगाखाली खवला बघणं मला कधी कंटाळवाणं झालं नाही. मधल्या बिंदूभोवती बारीक रेषांची वर्तुळं. मासा भरभर वाढत असतो तेव्हा त्या सुट्या सुट्या, उपाशी असतो तेव्हा एकमेकींना चिकटलेल्या. थंड देशांत हिवाळ्याचा पट्टा ठळक उमटतो, आपल्याकडे पुसट, त्यामुळे नुसत्या खवल्यावर वय ठरवू नये. पण या तलावातल्या दोन वर्षांच्या रोहूच्या खवल्यावर दाट पट्टा इतका स्पष्ट आहे की काकांनाही चष्मा न लावता दिसला. त्याच्या आतलं माप धरून मागे मोजलं तर तो पट्टा उन्हाळ्यात पडतो. तलाव आटून डोहापुरता उरतो, सगळे मासे तिथे कोंडतात, तेव्हाचा. जे तगले त्यांचा हा पट्टा. बाकीचे त्या डोहात मेले, पक्ष्यांनी खाल्ले किंवा रात्री चोरून उपसले गेले.

म्हणजे सोसायटी दरवर्षी नव्याने तलाव भरते आणि दर उन्हाळा तो रिकामा करतो.

२१ जानेवारी २०२४

बचतगटाच्या बायकांनी बेशरम काढायला सुरुवात केली. मूळ अमेरिकेतलं हे झुडूप. विषारी म्हणून गुरं तोंड लावत नाहीत, आणि तोडलेलं कांड ओल्यावर पडलं की पुन्हा फुटतं. म्हणून कापायचं नाही, मुळासकट उपटायचं आणि पाळीबाहेर वाळवून जाळायचं. चिखलात उभं राहून एक बुंधा हलवायला तिघी लागतात.

या भागात हा रस्ता नवा नाही. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाला बरोबर घेऊन तलावांतला बेशरम काढून देशी पाणवनस्पती परत लावण्याचं काम वर्षानुवर्षं केलंय. आमच्याकडच्या बायका असा एक तलाव पाहून आल्या आणि मग मला कुणाला समजावावं लागलं नाही.

३ मार्च

पाण्याची बैठक. वर्षातली सगळ्यात अवघड. उन्हाळी धानाला पाणी पाहिजे, आणि मागणी रास्त आहे. मी खवल्याचे फोटो मोठे करून नेले होते. बोलणं मात्र काकांनी केलं. त्यांनी एवढंच मागितलं: तुडुमाजवळच्या डोहात पुरुषभर पाणी राहील तिथे दगडावर खूण करा, पाणी त्या खुणेला टेकलं की तुडुम बंद.

दोन तास वाद झाला. एका शेतकऱ्याने विचारलं, मासा वाचवून आम्हाला काय? दुसऱ्याने त्यालाच उत्तर दिलं, की डोहात पाणी असलं तर काठच्या विहिरींना मे महिन्यात पाणी असतं. ठराव झाला. लाल रंगाने खूण केली.

११ मे

गाळ काढायला यंत्र आलंय. गाळ शेतात जाणं चांगलंच, धानाच्या बांधीला त्याच्याइतकं खत नाही. पण यंत्रवाल्याला जिथे टिप्पर सहज लागतो तिथेच खणायचं असतं, म्हणजे काठाला. काठाच्या वरच्या हातभर मातीत पाणवनस्पतींचे कंद आणि बी असतं. ते ट्रॉलीत गेलं की तिथे पुन्हा बेशरमच येणार. शिवाय उभा कडा पडला की बगळ्याला उभं राहायला, मरळीला घरटं करायला, बाईला टोपली टाकायला जागा राहत नाही.

आज दुपारी बकेटमधून पडलेल्या एका ढेकळात काहीतरी हललं. फोडलं तर वाघूर. हातभर खोल गाळात, ओलसर पोकळीत, मिशा अंगाला चिकटलेल्या, पण कल्ले हलत होते. चालक खाली उतरला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे हे सगळे खाली जिते हायेत?" त्यानंतर मी सांगण्याआधीच त्याने यंत्र मध्यावर नेलं. खणायचं ते तिथेच: डोह आणखी खोल करायचा, बाजूला उतार ठेवायचा, काठ हात न लावता सोडायचा.

९ जून

पाणी खुणेच्या किंचित वर आहे. मे महिन्यात डोहावर पहाऱ्याला सोसायटीने माणसं ठेवली. पहाटेचा ऑक्सिजन एकदाच ३ च्या खाली गेला. नमुन्याच्या जाळ्यात या वेळी गेल्या सालचा रोहू आहे. तीस सेंटिमीटरचा मासा साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो: पोट खपाटीला गेलेलं नाही, फार भरलेलंही नाही. पाणी चढल्यावर हाच मासा झपाट्याने वाढेल.

२६ जून

लावणी केली. धानाच्या आधी तलावाची. बेशरम काढलेली जागा नांगरून घेतली होती. दुसऱ्या चांगल्या तलावातून, मागून, थोडंथोडं आणलेलं हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया (पाण्याखाली वाढणारी पानगवतं) गुडघाभर पाणी येईल तिथे. काठाला देवधान (रानटी धान). कमळ आणि कुमुदाचे कंद त्याच्या आत. बायकांनी गुच्छ करून चिखलात खोचले, वर जनावरं येऊ नयेत म्हणून काट्याची फांदी.

मरळ अशा गवतातली जागा गोल साफ करून अंडी देते, मग नर-मादी दोघंही केशरी पिल्लांच्या घोळक्याखाली पहारा देतात. त्या दिवसांत घोळका दिसला की ढिवर आईबापांना गळ लावतो, कारण ते जागा सोडत नाहीत. या वर्षीपासून घोळक्यावरची मरळ धरायची नाही, हा ठराव बायकांच्या आग्रहाने झाला.

७ जुलै

ठेक्याचं नवं वर्ष सुरू झालं. बिजाची मागणी आज पाठवली. गवत्या नाही, कारण तो लावलेलं हायड्रिला पहिल्यांदा खाईल. सायप्रिनस नाही, कारण तो तळ उकरून रोपं उपटतो आणि पाणी गढूळ करतो. काही सभासद नाराज आहेत, सायप्रिनसने त्यांना गेल्या काही वर्षांत पैसे दिलेत. त्यांचं नुकसान खरं आहे आणि पहिल्या हंगामात ते जाणवेल. कटला, रोहू, मृगळ तिन्ही घ्यायचे, पण संख्येने गेल्या वर्षीच्या निम्मे, माप तीन इंचांच्या वर, आणि उतरवून घेण्याआधी प्रत्येक पिशवीतली वाटीभर पट्टीवर मोजायची. पैसे मोजणी झाल्यावर. बोडीत वाढवलेलं गेल्या सालचं बीज त्यांच्या आधी सुटेल.

यंदाच्या पकडीबद्दल सोसायटीला सांगितलं ते असं: दिवाळीपर्यंत माल फारसा वाढणार नाही. होळीच्या सुमारास उन्हाळा काढलेला रोहू किलोच्या घरात येईल आणि भाव तिथे मिळेल. मरळ विकण्याजोगी व्हायला दोन पावसाळे धरा. तिलापिया बायकांनी हवी तेवढी काढावी, बंधन नाही. पुढची नमुना जाळी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याच तीन जागी, त्याच आसांची.